काचनळीतील रक्त आणि देहातील रक्त

वैद्यकशास्त्रात काही नावे अशी रूढ झाली आहेत की, ती ऐकणाऱ्याची हमखास दिशाभूल करतात. ‘ल्यूपस प्रतिक्लथक’ हे अशा नावांचे एक ठळक उदाहरण होय. क्लथन म्हणजे रक्ताचे गोठणे आणि प्रतिक्लथक म्हणजे गोठण्याला विरोध करणारे द्रव्य. तेव्हा ज्याच्या रक्तात असे द्रव्य आढळले, त्याला जखम झाल्यास रक्त लवकर थांबणार नाही, असाच अर्थ कोणीही घेईल. प्रत्यक्षात घडते ते नेमके याच्या उलट. अशा व्यक्तींना रक्तस्राव क्वचितच होतो. त्यांच्या बाबतीत भीती असते ती नको त्या ठिकाणी, धडधाकट रक्तवाहिनीच्या पोकळीत, रक्ताची गुठळी होण्याची. शिवाय ज्या ‘ल्यूपस’ रोगाचे नाव या द्रव्याला चिकटले आहे, तो रोग यांपैकी पुष्कळ जणांना झालेलाही नसतो.

हा केवळ शब्दांचा घोळ असता, तर तो भाषाशास्त्रज्ञांवर सोपवून मोकळे होता आले असते. परंतु नावावर विसंबून जो वागेल तो रुग्णाला रक्त पातळ करणारे औषध द्यायचे टाळील, आणि ज्याला त्या औषधाची सर्वांत अधिक गरज आहे त्यालाच ते मिळणार नाही. म्हणून हे नाव कसे पडले, ते कोठे चुकले आणि त्यामागील खरे स्वरूप काय, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

गोठण्याची साखळी

वाहिन्यांतून वाहत असताना रक्त पातळ राहिले पाहिजे आणि वाहिनी फुटताच त्याच जागी ते घट्ट झाले पाहिजे. या दोन परस्परविरोधी गरजा भागविण्यासाठी निसर्गाने मोठी गुंतागुंतीची योजना केली आहे. रक्तातील पेशी वेगळ्या केल्यावर जो पिवळसर द्रव उरतो, त्याला रक्तद्रव म्हणतात. त्यात अनेक प्रथिने सुप्तावस्थेत असतात. त्यांना ‘क्लथन घटक’ असे नाव असून त्यांपैकी बहुतेक रोमन अंकांनी ओळखले जातात. एक घटक जागा झाला की तो पुढच्याला जागे करतो, दुसरा तिसऱ्याला, आणि असे होत होत अखेर प्रोथ्राँबिन या प्रथिनापासून थ्राँबिन तयार होते. थ्राँबिनाच्या क्रियेने फायब्रिनोजेनाचे फायब्रिन नावाच्या तंतूंत रूपांतर होते. या तंतूंच्या जाळ्यात रक्तपेशी अडकल्या म्हणजे गुठळी तयार होते.

ही साखळी रक्ताच्या प्रवाहात कोठेही मोकाट चालत नाही. तिला एका पृष्ठभागाची आवश्यकता असते. विणकराजवळ सूत कितीही असले, तरी मागावाचून कापड विणले जात नाही. रक्ताच्या बाबतीत मागाचे हे काम फॉस्फोलिपिड नावाचे स्निग्ध पदार्थ करतात. सर्व पेशींचे पातळ आवरण याच पदार्थांचे बनलेले असते. जखम होताच बिंबाणू नावाचे सूक्ष्म रक्तकण तेथे जाऊन चिकटतात, आणि त्यांच्या आवरणाच्या आतल्या बाजूस असलेली विशिष्ट फॉस्फोलिपिडे बाहेरच्या बाजूस येतात. कॅल्शियमाच्या मदतीने क्लथन घटक या पृष्ठभागावर एकत्र येतात आणि तेथेच त्यांची परस्परांवरील क्रिया वेगाने घडते.

प्रयोगशाळेत रक्ताची गोठण्याची क्षमता तपासताना याच क्रियेची एक लहानशी प्रतिकृती काचनळीत उभी केली जाते. रक्त काढताना त्यात सायट्रेट मिसळतात. त्यामुळे कॅल्शियम बांधले जाऊन गोठणे थांबते. मग यंत्रात फिरवून पेशी तळाशी बसवितात व वरचा रक्तद्रव वेगळा करतात. त्यात बाहेरून फॉस्फोलिपिड आणि साखळी सुरू करणारे एक द्रव्य घालतात, शेवटी कॅल्शियम घालतात आणि गुठळी होण्यास किती सेकंद लागतात ते मोजतात. डॉक्टरांच्या बोलण्यात ‘एपीटीटी’ म्हणून जिचा उल्लेख येतो, ती हीच चाचणी. निरोगी माणसाचा रक्तद्रव साधारणपणे ३० ते ४० सेकंदांत गोठतो. हा काळ बराच लांबला, तर एखादा घटक कमी आहे किंवा गोठण्यात काहीतरी अडथळा आणीत आहे, असा निष्कर्ष निघतो. हीमोफिलियासारख्या रक्तस्रावी विकारांत हा निष्कर्ष अचूक ठरतो. परंतु येथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. काचनळीत माग बाहेरून आणून ठेवलेला असतो, आणि तो लहान असतो.

उपदंशाच्या चाचणीतील कोडे

या द्रव्याची पहिली चाहूल लागली ती रक्त गोठण्याच्या अभ्यासात नव्हे, तर अगदी वेगळ्या क्षेत्रात. १९०६ साली जर्मनीत आउगुस्ट फोन वासरमान, आल्बर्ट नायसर व कार्ल ब्रुक या शास्त्रज्ञांनी उपदंश ओळखण्यासाठी रक्ताची एक चाचणी शोधून काढली. तिच्यासाठी प्रथम उपदंशाने मृत झालेल्या अर्भकांच्या यकृताचा अर्क वापरीत. या अर्कातील उपदंशाच्या जंतूंशी रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडे संयोग पावतात, अशी कल्पना होती. प्रतिपिंडे म्हणजे शरीराने परक्या पदार्थाशी सामना देण्यासाठी तयार केलेली प्रथिने. पण लवकरच असे दिसून आले की, निरोगी जनावराच्या हृदयाचा अर्क वापरला तरी चाचणी तितकीच चांगली होते. याचा अर्थ असा की, प्रतिपिंडांचा संयोग होत होता तो जंतूंशी नव्हे, तर शरीरातीलच कुठल्यातरी पदार्थाशी. १९४१ साली अमेरिकेतील मेरी पँगबॉर्न यांनी बैलाच्या हृदयातून हा पदार्थ शुद्ध स्वरूपात वेगळा केला व त्याला कार्डिओलिपिन हे नाव दिले. कार्डिओलिपिन हे एक फॉस्फोलिपिडच आहे.

त्या काळात अमेरिकेतील अनेक राज्यांत विवाहापूर्वी उपदंशाची रक्ततपासणी कायद्याने सक्तीची झाली होती. लक्षावधी निरोगी माणसांचे रक्त तपासले जाऊ लागले आणि एक चमत्कारिक गोष्ट उघड झाली. ज्यांना उपदंश कधी झालाच नव्हता, अशा काही व्यक्तींची चाचणीही होकारार्थी येत असे. या उत्तराचे सामाजिक परिणाम किती भयंकर होत असतील, याची कल्पना करणे कठीण नाही. विवाह मोडणे, पत्नीच्या किंवा पतीच्या चारित्र्याविषयी संशय येणे आणि ज्या रोगाचा संसर्गच झालेला नाही, त्यावर दीर्घकाळ उपचार घेत राहणे, हे सारे एका काचनळीच्या साक्षीवर घडू शकत होते. १९४९ साली नेल्सन व मेयर यांनी प्रत्यक्ष जिवंत उपदंशजंतू वापरून करावयाची अधिक खात्रीची चाचणी तयार केली आणि खरे व खोटे उत्तर वेगळे करणे शक्य झाले.

बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील जोसेफ अर्ल मूर यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा खोट्या उत्तरांचा पाठपुरावा केला. त्यांचे दोन प्रकार पडतात, असे त्यांनी १९५२ साली दाखविले. काही व्यक्तींत खोटे उत्तर एखाद्या तापानंतर वा संसर्गानंतर येते आणि काही महिन्यांत नाहीसे होते. दुसऱ्या गटात मात्र ते वर्षानुवर्षे टिकून राहते. या दुसऱ्या गटात स्त्रियांची संख्या मोठी होती आणि पुढील काळात त्यांच्यापैकी अनेकींना ल्यूपस हा विकार जडल्याचे दिसून आले.

नाव पडले ते असे

लॅटिन भाषेत ‘ल्यूपस’ म्हणजे लांडगा. त्वचेवरील चट्टे लांडग्याने लचके तोडल्यासारखे दिसतात, यावरून हे नाव फार पूर्वी पडले. ज्याला सार्वदेहिक ल्यूपस म्हणतात, त्या विकारात शरीराची संरक्षणव्यवस्था आपपर भाव विसरते आणि स्वतःच्याच पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. गालांवर फुलपाखराच्या आकाराचा लालसर चट्टा, सांधेदुखी, ताप, मूत्रपिंडांचा दाह अशी त्याची अनेक रूपे आहेत. तरुण व मध्यम वयाच्या स्त्रियांत तो विशेष आढळतो. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये माल्कम हारग्रेव्ह्‌ज यांनी या रोगातील एक वैशिष्ट्यपूर्ण पेशी दाखवून दिली, तेव्हापासून त्याचे निदान पुष्कळ सुलभ झाले.

१९५२ साली जॉन्स हॉपकिन्समधीलच कॉन्ली व हार्टमन यांनी ल्यूपसच्या दोन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. दोघांनाही रक्तस्रावाचा त्रास होता आणि त्यांचे रक्त काचनळीत उशिरा गोठत असे. निरोगी माणसाचे रक्त त्यात मिसळले, तरी हा दोष जात नसे. म्हणजे रक्तात एखादी वस्तू कमी नव्हती. गोठण्याला अडविणारी एक वस्तू जास्तीची होती. ‘प्रतिक्लथक’ हा शब्द येथून पुढे आला, आणि तो त्या वेळच्या पुराव्याला धरूनच होता.

पण पुढील निरीक्षणे या शब्दाशी जुळेनात. १९५४ साली फ्रान्समध्ये बोमाँ यांनी असे द्रव्य असलेल्या एका स्त्रीच्या वारंवार झालेल्या गर्भपातांची नोंद केली. १९६३ साली मेयो क्लिनिकमधील बोई व त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्यूपसचे असे रुग्ण वर्णिले की, ज्यांच्या रक्तात प्रतिक्लथक असूनही रक्तवाहिन्यांत गुठळ्या झाल्या होत्या. त्या वेळी हे एक नवलच वाटले. १९७२ साली फाइनस्टाइन व रॅपपोर्ट यांनी या द्रव्याला ‘ल्यूपस प्रतिक्लथक’ हे नाव दिले व तेच रूढ झाले. तोवर या नावाचे दोन्ही शब्द डळमळू लागले होते. ल्यूपसच्या सुमारे एकतृतीयांश रुग्णांत हे द्रव्य सापडते हे खरे, पण ल्यूपस नसलेल्यांतही ते सापडते. आणि प्रतिक्लथन म्हणावे, तर ते फक्त काचनळीत घडते.

मग काही रुग्णांना रक्तस्राव का होतो? त्याचे कारण बहुधा निराळे असते. कधी बिंबाणूंची संख्या फार घटलेली असते, तर कधी दुसऱ्या प्रतिपिंडांमुळे प्रोथ्राँबिन रक्तातून नाहीसे झालेले असते. अशी जोड नसेल, तर ल्यूपस प्रतिक्लथक एकट्याने रक्तस्राव घडवीत नाही.

एकाच द्रव्याची दोन रूपे

१९८३ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील ग्रेअम ह्यूज, नायजेल हॅरिस, अझ्झुदिन घरावी आणि त्यांचे सहकारी यांनी या सर्व विखुरलेल्या धाग्यांची गाठ मारली. कार्डिओलिपिनविरोधी प्रतिपिंडे मोजण्याची अतिशय संवेदनक्षम पद्धत त्यांनी तयार केली आणि दाखवून दिले की, ज्यांच्या रक्तात ही प्रतिपिंडे आहेत, त्यांच्यात ल्यूपस प्रतिक्लथक, वाहिन्यांतील गुठळ्या आणि गर्भपात या तिन्ही गोष्टी एकत्र आढळतात. उपदंशाची खोटी उत्तरे आणि काचनळीत लांबणारा गोठणकाल या एकाच कुळातील प्रतिपिंडांच्या दोन खुणा होत्या. या विकाराला पुढे ‘फॉस्फोलिपिडविरोधी लक्षणसमूह’ असे नाव मिळाले.

१९९० साली आणखी एक महत्त्वाचा दुवा सापडला. ऑस्ट्रेलिया, नेदरलँड्स आणि जपान या तीन देशांतील संशोधकांना स्वतंत्रपणे असे आढळले की, ही प्रतिपिंडे मुळात फॉस्फोलिपिडाला धरीतच नाहीत. ती धरतात रक्तद्रवातील एका प्रथिनाला. हे प्रथिन फॉस्फोलिपिडाला चिकटण्याच्या गुणाचे असून त्याचे नाव बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१ असे आहे. दुसरे लक्ष्य म्हणजे प्रोथ्राँबिन. एक प्रतिपिंड आपल्या दोन हातांनी या प्रथिनाचे दोन रेणू पकडते, आणि अशी जोडी झाली म्हणजे ती फॉस्फोलिपिडावर पूर्वीपेक्षा कितीतरी घट्ट बसते.

आता काचनळीतील गूढाचा उलगडा होतो. तेथे फॉस्फोलिपिडाचा माग लहान असतो. त्यावर प्रतिपिंडे ठाण मांडून बसली की क्लथन घटकांना जागाच उरत नाही, आणि गुठळी होण्यास उशीर लागतो. देहात मात्र स्थिती वेगळी आहे. तेथे पृष्ठभागाची टंचाई नसते, कारण असंख्य पेशींची आवरणे उपलब्ध असतात. शिवाय काचनळीत नसलेली एक गोष्ट देहात असते. ती म्हणजे जिवंत पेशी.

प्रतिपिंडांची जोडी वाहिनीच्या अस्तरातील पेशींवर, बिंबाणूंवर आणि काही पांढऱ्या पेशींवर बसली की, त्या पेशींना ती जणू धोक्याची सूचना देते. अस्तराच्या पेशी एरवी गुळगुळीत असतात. त्या चिकट होतात व ऊतक घटक नावाचे, गोठण्याची साखळी सुरू करून देणारे प्रथिन प्रकट करतात. बिंबाणू उत्तेजित होतात. गोठण्याला आवर घालणाऱ्या प्रथिन-सी सारख्या नैसर्गिक पहारेकऱ्यांच्या कामात अडथळा येतो. वारेच्या पेशींवर अ‍ॅनेक्सिन-ए५ नावाच्या प्रथिनाचे एक संरक्षक आच्छादन असते, तेही विस्कटते. पूरक प्रथिनांची दाहकारक साखळीही सुरू होते, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. ही सर्व कारणे प्रत्येक रुग्णात सारख्याच प्रमाणात काम करतात असे नाही. परंतु त्यांची दिशा एकच आहे, आणि ती गुठळीकडे नेणारी आहे.

असे असूनही प्रतिपिंडे असलेली पुष्कळ माणसे वर्षानुवर्षे निरोगी राहतात. प्रतिपिंडांमुळे रक्ताचा तोल गुठळीच्या बाजूस झुकलेला असतो. त्याला वरून आणखी एक धक्का बसावा लागतो, असे मानले जाते. शस्त्रक्रिया, संसर्ग, बाळंतपण, दीर्घकाळ अंथरुणाला खिळून राहणे, धूम्रपान, इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या हे असे धक्के होत.

घोणसाच्या विषाची साक्ष

ल्यूपस प्रतिक्लथक ओळखण्याच्या आजच्या चाचण्यांपैकी एका प्रमुख चाचणीचा भारताशी अनपेक्षित संबंध आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅट्रिक रसेल हा स्कॉटिश डॉक्टर मद्रास इलाख्यात ईस्ट इंडिया कंपनीचा निसर्गशास्त्रज्ञ होता. कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांविषयीचा त्याचा ग्रंथ १७९६ साली प्रसिद्ध झाला. मराठी मुलखात ज्याला घोणस म्हणतात, त्या सापाला इंग्रजीत याच रसेलचे नाव आहे.

१९३४ साली लंडनमध्ये मॅकफार्लेन व बार्नेट यांना असे आढळले की, घोणसाचे विष अतिशय विरल केले, तरी ते हीमोफिलियाच्या रुग्णाचेही रक्त गोठविते. याचे कारण असे की, हे विष साखळीच्या वरच्या कड्या ओलांडून थेट दहाव्या घटकाला जागे करते. तेथून पुढील क्रियेला मात्र फॉस्फोलिपिडाचा पृष्ठभाग लागतोच. या गुणाचा उपयोग करून १९८६ साली थियागराजन, पेंगो व शॅपिरो यांनी विरल केलेले विष आणि विरल केलेले फॉस्फोलिपिड वापरणारी चाचणी तयार केली. माग मुद्दाम अपुरा ठेवल्यामुळे प्रतिपिंडांचा अडथळा तीत स्पष्ट उमटतो.

येथे एक विलक्षण योगायोग दिसतो. घोणसाचे विष काचनळीत रक्त गोठविते. परंतु दंश झालेल्या माणसाच्या देहात ते क्लथन घटक भराभर खर्च करून टाकते, आणि अखेर त्याचे रक्त गोठेनासे होऊन रक्तस्राव सुरू होतो. ल्यूपस प्रतिक्लथक काचनळीत गोठणे लांबवितो आणि देहात गुठळ्या घडवितो. काचनळीतील वर्तनावरून देहातील वर्तन ठरविता येत नाही, याची ही दोन परस्परपूरक उदाहरणे म्हणता येतील.

निदानासाठी तीन पायऱ्या ओलांडाव्या लागतात. पहिली, फॉस्फोलिपिडावर अवलंबून असणाऱ्या चाचणीत गोठणकाल लांबला पाहिजे. दुसरी, निरोगी माणसाचा रक्तद्रव निम्मा मिसळूनही तो पूर्ववत होता कामा नये. पूर्ववत झाला, तर दोष एखाद्या घटकाच्या उणिवेचा आहे असे समजावे. तिसरी, फॉस्फोलिपिड भरपूर घातल्यावर मात्र तो सुधारला पाहिजे, कारण माग मोठा केला की प्रतिपिंडे सर्व जागा व्यापू शकत नाहीत. रक्तद्रवात बिंबाणू शिल्लक राहिले, तर त्यांच्या आवरणामुळेच दोष झाकला जातो; म्हणून नमुना दोनदा फिरवून बिंबाणू काढून टाकतात. हेपारिन, वॉरफरिन यांसारखी औषधे चालू असतानाही उत्तर चुकण्याचा संभव असतो.

एवढे करूनही एका होकारार्थी उत्तरावर शिक्कामोर्तब करीत नाहीत. अनेक संसर्गांनंतर व काही औषधांमुळे ही प्रतिपिंडे तात्पुरती उद्भवतात. २०२० सालापासूनच्या कोविडच्या साथीत रुग्णालयांत दाखल झालेल्या अनेक रुग्णांत ती आढळली. म्हणून किमान १२ आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी, असा दंडक २००६ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय निकषांनी घालून दिला. मूर यांनी पूर्वी पाहिलेला तात्पुरत्या व टिकाऊ उत्तरांतील भेद येथे पुन्हा कामी आला.

देहातील परिणाम

या गुठळ्या शरीरात कोठेही होऊ शकतात. पायाच्या खोल नीलेत गुठळी झाली, तर पोटरी सुजते व दुखते. तिचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला, तर श्वास कोंडतो व प्राणावर बेतते. रोहिण्यांपैकी मेंदूच्या रोहिणीला धोका अधिक. ऐन तिशीतील, रक्तदाब किंवा मधुमेह नसलेल्या व्यक्तीला पक्षाघात झाला, तर या प्रतिपिंडांचा शोध घेतला पाहिजे. नेदरलँड्समध्ये ५० वर्षांखालील स्त्रियांचा एक मोठा अभ्यास झाला व तो २००९ साली प्रसिद्ध झाला. ल्यूपस प्रतिक्लथक असलेल्या स्त्रियांत रक्तपुरवठा तुटल्याने होणाऱ्या पक्षाघाताचा धोका इतरांच्या सुमारे ४० पट, तर हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे ५ पट असल्याचे त्यात आढळले. धूम्रपान वा गर्भनिरोधक गोळ्या यांची जोड मिळाली, की हे आकडे आणखी कितीतरी वाढत होते.

गर्भारपणातील परिणाम वेगळ्या प्रकारे दारुण असतात. वार नीट रुजत नाही, तिचे कार्य बिघडते आणि गर्भ दगावतो किंवा त्याची वाढ खुंटते. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रीला आपल्या समाजात काय काय ऐकून घ्यावे लागते, हे सांगावयास नको. तिचे चालणेबोलणे, खाणेपिणे, नशीब, पूर्वजन्मीचे पाप, सर्वांवर ठपका येतो. अशा काही स्त्रियांच्या बाबतीत खरे कारण रक्तातील या प्रतिपिंडांत असते, आणि त्यावर इलाज करता येतो. गरोदर स्त्रियांची उपदंशासाठी रक्ततपासणी भारतात आजही केली जाते. तीत होकारार्थी आलेले उत्तर खात्रीच्या चाचणीत खोटे ठरले, तर ते उत्तर टाकून न देता त्यामागे ही प्रतिपिंडे तर नाहीत ना, याचा विचार करणे शहाणपणाचे ठरते.

उपचाराची दिशा

ज्याला एकदा गुठळी झाली आहे आणि ज्याची प्रतिपिंडे टिकून आहेत, त्याला पुन्हा गुठळी होण्याचा धोका मोठा असतो. म्हणून त्याला रक्त गोठण्यास आळा घालणारे औषध दीर्घकाळ, बहुधा आयुष्यभर घ्यावे लागते. प्रतिक्लथक असलेल्याला प्रतिक्लथक औषध द्यावयाचे, ही गोष्ट नावामुळे विपरीत वाटते. पण तीच योग्य आहे.

यातील प्रमुख औषध वॉरफरिन. सडलेल्या स्वीट क्लोव्हर नावाच्या चाऱ्याने अमेरिकेतील गुरे रक्तस्रावाने मरत. त्याचे कारण शोधताना विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांना जे रसायन गवसले, त्याच्या कुळातील हे औषध. ते प्रथम उंदीर मारण्यासाठी विकले गेले आणि १९५४ सालापासून माणसांवरील उपचारांत आले. रक्ताच्या नियमित तपासणीवरून त्याची मात्रा ठरवितात. नीलेतील गुठळीसाठी ‘आयएनआर’ हे माप २ ते ३ यांच्या दरम्यान ठेवतात. ते याहून वर नेल्याने अधिक लाभ होत नाही, असे २००३ व २००५ साली प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांत दिसले. पालक, मेथी यांसारख्या पालेभाज्यांतील के जीवनसत्त्व या औषधाच्या विरुद्ध काम करते. भाजी सोडून देण्याचे कारण नाही. परंतु तिचे प्रमाण एक आठवडा भरपूर व दुसऱ्या आठवड्यात शून्य असे असता कामा नये. नंतर निघालेल्या, वारंवार तपासणी न लागणाऱ्या गोळ्या सोयीच्या असल्या, तरी तिन्ही प्रकारच्या चाचण्या होकारार्थी असलेल्या रुग्णांत रिव्हारोक्सॅबान हे औषध वॉरफरिनपेक्षा उणे ठरले; २०१८ साली प्रसिद्ध झालेला तो इटलीतील अभ्यास मुदतीपूर्वीच थांबवावा लागला होता.

गर्भारपणात वॉरफरिन गर्भाला अपायकारक असते. त्याऐवजी वार ओलांडून न जाणारे हेपारिन टोचतात व अल्प मात्रेत अ‍ॅस्पिरिन देतात. लंडनमध्ये ९० स्त्रियांवर झालेल्या व १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, केवळ अ‍ॅस्पिरिन घेतलेल्या ४५ जणींपैकी १९ जणींना, तर दोन्ही औषधे घेतलेल्या ४५ जणींपैकी ३२ जणींना जिवंत मूल झाले. आकडे लहान आहेत; पण त्यांतील फरक अनेक घरांतील पाळण्यांचा आहे.

नावाचा घोळ उपचारांतही अनेकदा आडवा येतो. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत गोठणकाल लांबलेला आढळला की रुग्णाला रक्तस्रावी समजून रक्तद्रव चढविण्याचा व गुठळी रोखणारे औषध थांबविण्याचा मोह होतो. त्याच्या बाबतीत खरा धोका शस्त्रक्रियेनंतर पडून राहण्याच्या दिवसांत, गुठळीचा असतो. हेपारिनची मात्रा नेहमीच्या एपीटीटी चाचणीने ठरविण्यातही अडचण येते, कारण तो काळ औषधापूर्वीच लांबलेला असतो. अशा वेळी हेपारिनाचा दहाव्या घटकावरील परिणाम प्रत्यक्ष मोजणारी चाचणी वापरावी लागते.

उलट बाजूचाही विसर पडता कामा नये. ज्याला कधी गुठळी झाली नाही आणि ज्याचे उत्तर एकदाच, सौम्य प्रमाणात होकारार्थी आले, त्याला घाबरविण्याचे वा कडक औषधे देण्याचे कारण नसते. तिन्ही चाचण्या टिकाऊपणे होकारार्थी असलेल्या, पण अद्याप गुठळी न झालेल्या व्यक्तींचा इटलीत पाठपुरावा करण्यात आला. दरवर्षी त्यांच्यापैकी शंभरांत पाचांहून थोड्या अधिक जणांना गुठळी झाली, असे २०११ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे धोका खरा आहे, पण तो अटळ नाही. धूम्रपान सोडणे, रक्तदाब आटोक्यात ठेवणे, इस्ट्रोजेनच्या गोळ्या टाळणे आणि प्रत्येक नव्या डॉक्टरला या चाचणीची माहिती देणे या साध्या गोष्टींनी तो कमी करता येतो.

‘ल्यूपस प्रतिक्लथक’ हे नाव आता बदलण्याची शक्यता दिसत नाही. शास्त्राच्या व्यवहारात रुळलेले शब्द नद्यांच्या नावांसारखे चिवट असतात. नाव तसेच राहिले तरी चालेल. ते वाचणाऱ्याने एवढेच स्मरणात ठेवावे की, काचनळी एका प्रश्नाचे उत्तर देते आणि देह दुसऱ्या. गोठणकाल लांबला म्हणून निश्चिंत राहून ज्या रुग्णाच्या सुजलेल्या पोटरीकडे दुर्लक्ष होते, त्याला हा फरक प्राणांचे मोल देऊन कळतो. तो फरक वेळीच ओळखणाऱ्या डॉक्टराच्या हाती मात्र तीच काचनळी धोक्याची सूचना देणारे विश्वासू साधन ठरते.